रिपोर्टवरची सही आणि नळीतलं रक्त

पॅथॉलॉजी लॅबचा वाद महाराष्ट्रात अधूनमधून पेटतो, आणि पेटला की त्याच एका प्रश्नापाशी येऊन बसतो: रिपोर्टवर सही कुणाची? एमडी पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर, म्हणतात, आमचीच. डीएमएलटी, म्हणजे लॅबतंत्राची पदविका, झालेले तंत्रज्ञ म्हणतात, रक्त आम्ही काढतो, मशीन आम्ही चालवतो, मग सहीपुरते आम्ही परके कसे? मोठ्या साखळी लॅब या भांडणात पडतच नाहीत. त्यांची जाहिरात सांगते की आमच्याकडे सगळं स्वयंचलित आहे, माणसाचा हातच लागत नाही. तिघांचंही बोलणं ऐकल्यावर असं वाटतं की रक्ताचा आकडा कागदावरच जन्माला येतो. माझं म्हणणं सरळ आहे. सही महत्त्वाची आहे, पण या वादातला तो सगळ्यात सोपा आणि रुग्णाच्या दृष्टीने सगळ्यात कमी उपयोगाचा भाग आहे. आकडा खरा की खोटा हे बहुतेक वेळा सहीच्या कितीतरी आधी ठरून गेलेलं असतं: सुई टोचताना, नळी निवडताना, डब्यातून नेताना, आणि सकाळी पहिल्या रुग्णाचा नमुना लावण्याआधी कंट्रोल (मशीन पारखायचा नमुना) लावला की नाही त्यावर. कायदा करायचाच असेल तर तो तिथून सुरू झाला पाहिजे.

आधी कायद्याची स्थिती पाहू. १२ डिसेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधून आलेल्या प्रकरणात सांगितलं की लॅबच्या रिपोर्टवर सही करायची ती पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरनेच. मात्र २०१० चा केंद्रीय क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने आजवर स्वीकारलेला नाही. आपल्याकडे १९४९ चा नर्सिंग होम नोंदणीचा कायदा आहे, तो खाटा असलेल्या रुग्णालयांचा. शेजारच्या गाळ्यातली लॅब त्यात येत नाही. लॅबची गुणवत्ता पारखून मान्यता देणारी एनएबीएल ही संस्था आहे, पण तिची मान्यता ऐच्छिक आहे. थोडक्यात निकाल आहे, पण लॅबच्या दारात जाऊन तो राबवणारं कुणी नाही. मग जे व्हायचं तेच झालं, सहीचा बाजार भरला. एकाच पॅथॉलॉजिस्टचं नाव एकाच सकाळी तीन तालुक्यांतल्या रिपोर्टांवर छापलं जातं, सही स्कॅन करून संगणकात ठेवलेली असते आणि महिन्याला ठरलेली रक्कम पोचती होते. निकालाची अक्षरं पाळली गेली. रुग्णाच्या पदरात काय पडलं?

तरीही पॅथॉलॉजिस्टांची बाजू हलकी नाही, आणि तंत्रज्ञांच्या संघटना ती समजते तितकी प्रामाणिकपणे ऐकत नाहीत. डेंग्यूच्या दिवसांतला प्लेटलेटचा आकडा घ्या. सेल काउंटर, म्हणजे पेशी मोजणारं मशीन, प्लेटलेट ओळखत नाही, कण मोजतं. वॉलेस कोल्टरने १९५३ मध्ये ज्या तत्त्वाचं पेटंट मिळवलं तेच आजही साध्या काउंटरच्या पोटात आहे: बारीक छिद्रातून कण गेला की विजेचा अडथळा वाढतो, आणि अडथळ्याच्या उंचीवरून कणाचा आकार कळतो. साधारण २ ते २० फेम्टोलीटर (पेशीचं आकारमान मोजायचं अतिसूक्ष्म एकक) आकाराचा कण दिसला की मशीन त्याला प्लेटलेट म्हणतं. आता रक्त गोठू नये म्हणून नळीत असलेल्या ईडीटीए या रसायनामुळे काही माणसांच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात. पाच-दहा प्लेटलेटचा तो गठ्ठा या आकारात बसत नाही, म्हणून मोजलाच जात नाही. रुग्णाच्या अंगात दीड लाख असताना कागदावर चाळीस हजार येतात. उलट बाजूने, लोहाची तीव्र कमतरता किंवा थॅलेसेमिया असलेल्याच्या तांबड्या पेशी इतक्या बारीक किंवा तुटक असतात की त्यांतल्या काही प्लेटलेटमध्ये मोजल्या जातात, आणि खरोखर उतरलेला आकडा बरा दिसतो.

यावर उपाय जुना आहे आणि स्वस्तही. काचपट्टीवर रक्ताचा पातळ थर ओढायचा, रंगवायचा, १०० पटीच्या, तेलाचा थेंब घालून वापरायच्या (ऑइल इमर्शन) भिंगाखाली दहा ठिकाणी प्लेटलेट मोजायच्या आणि सरासरीला साधारण १५ हजारांनी गुणायचं. मशीनचा आकडा आणि हा अंदाज जुळत नसेल तर थांबायचं. आधी काचपट्टीच्या टोकाला, जिथे थर विरतो तिथे, गठ्ठे आहेत का पाहायचं. दिसले तर सायट्रेट या दुसऱ्या न-गोठवणाऱ्या द्रवाच्या, फिकट निळ्या टोपणाच्या नळीत पुन्हा रक्त घ्यायचं आणि आलेल्या आकड्याला १.१ ने गुणायचं, कारण त्या नळीत आधीपासून द्रव असतो आणि रक्त तेवढं पातळ होतं. हे पाहायला तयार नजर लागते. मशीन बापडं गठ्ठ्यांची शंका असल्याची खूण स्क्रीनवर दाखवतंही, पण ती खूण वाचून उठायचं कुणी? नुसता छापलेला आकडा हातात घेऊन घरचे लोक प्लेटलेटच्या पिशवीसाठी रात्रभर रक्तपेढ्या पालथ्या घालतात, ते या न उठण्यापायी.

एचबीएवनसीचंही तसंच. तीन महिन्यांच्या साखरेचा हा आकडा तांबड्या पेशीच्या आयुष्यावर उभा आहे. लोहाची कमतरता असली की तो खोटा चढतो. सिकलसेल आजारात पेशी लवकर मरतात, म्हणून खोटा उतरतो. विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल ही पुस्तकातली गोष्ट नाही. एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या पद्धतीच्या मशीनवर आलेखात सिकलसेलच्या एस हिमोग्लोबिनची वेगळी खिडकी उमटते. आलेख पाहिला तर कळतं, शेवटचा आकडा तेवढा उतरवून घेतला तर कळत नाही. तेव्हा अर्थ लावायला वैद्यकाचं शिक्षण हवं, हा मुद्दा शंभर टक्के मान्य. बायोप्सी (ऊतीचा तुकडा), सायटोलॉजी (सुट्या पेशी), बोन मॅरो (अस्थिमज्जा) यांच्या तपासणीत तर वादाला जागाच नाही.

पण अर्थ लावायचा तो कशाचा? नळीत जे पोचलं त्याचा. आणि इथेच सहीचा युक्तिवाद लंगडा पडतो. लॅबच्या चुकांचा ज्यांनी मोजून अभ्यास केला त्यांना पुन्हा पुन्हा हेच आढळलं आहे की निम्म्याहून अधिक चुका रक्त मशीनपाशी पोचण्याआधीच झालेल्या असतात. एक उदाहरण जवळून पाहू. रुग्णाची शीर बारीक आहे, सिरिंजने जेमतेम चार मिली रक्त आलं. जांभळ्या टोपणाची ईडीटीएची नळी आधी भरली, आणि सिरमसाठीच्या (रक्त गोठल्यावर वर उरणाऱ्या पाणचट भागासाठीच्या) पिवळ्या टोपणाच्या नळीत कमी पडलं म्हणून जांभळीतलं थोडं त्यात ओतलं. दिसायला काहीच बिघडलं नाही, दोन्ही नळ्यांत रक्तच आहे. पण जांभळ्या नळीतलं ईडीटीए पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात असतं. पिवळ्या नळीतलं पोटॅशियम एकदम चढतं; ओतलेलं रक्त जास्त असेल तर ८, १०, १२ असा आकडा येतो, आणि एवढ्या पोटॅशियमवर हृदय नीट चालत नाही. ईडीटीए कॅल्शियमला पकडून ठेवतं म्हणून कॅल्शियम तळाला जातं. अल्कलाइन फॉस्फटेज या विकराला जस्त आणि मॅग्नेशियम लागतं, तेही पकडलं गेल्याने तो आकडाही पडतो. चढलेलं पोटॅशियम, पडलेलं कॅल्शियम आणि पडलेलं अल्कलाइन फॉस्फटेज हे त्रिकूट एकत्र दिसलं की जाणता माणूस रुग्णाकडे धावण्याआधी नळीकडे पाहतो. पण थोडंच रक्त ओतलं असेल तर? पोटॅशियम ५.८, म्हणजे थोडं चढलेलं; कॅल्शियम ८.१, म्हणजे थोडं उतरलेलं. दोन्ही आकडे खरे वाटण्याजोगे. संध्याकाळी शंभर रिपोर्टांवर सही करणाऱ्या एमडीला हे कळायला मार्गच नसतो, मग सही खरी असो वा स्कॅन केलेली.

अशा चुकांची यादी लांब आहे आणि प्रत्येकीला साधं कारण आहे. दंडाला पट्टा मिनिटापेक्षा जास्त वेळ बांधून ठेवला आणि वर मूठ उघडझाप करायला लावली, पोटॅशियम चढतं. सिरिंजमधलं रक्त सुईसकट नळीच्या रबरातून जोराने ढकललं, पेशी फुटतात; पोटॅशियम आणि पेशींतली एलडीएच, एएसटी ही विकरं चढतात आणि सिरम गुलाबी दिसतं. रक्त सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे गरगर फिरवून पेशी आणि सिरम वेगळं करणाऱ्या यंत्रात, न फिरवता ‘टिकावं म्हणून’ फ्रीजमध्ये ठेवलं, तर थंडीत पेशीच्या भिंतीतला सोडियम-पोटॅशियमचा पंप मंदावतो आणि आतलं पोटॅशियम बाहेर झिरपतं. या शेवटच्या चुकीत तर सिरम गुलाबीही होत नाही, म्हणजे डोळ्यांनी पकडण्याचीही सोय नाही. भाजी फ्रीजमध्ये टिकते, म्हणून न फिरवलेलं रक्तही टिकेल असं नसतं.

साखरेचं गणित करून पाहू, कारण साखर ही सगळ्यात जास्त होणारी आणि सगळ्यात कमी जपली जाणारी तपासणी. नळीतल्या पेशी जिवंत असतात आणि साखर खात राहतात, साध्या तापमानाला तासाला साधारण ५ ते ७ टक्के. सकाळी सव्वासातला उपाशीपोटीची साखर १३२ आहे. साध्या नळीतलं रक्त सव्वानऊला फिरवलं, तर तासाला ६ टक्क्यांनी आकडा ११७ च्या आसपास येतो. मधुमेहाची रेघ १२६ वर आहे. माणूस रेघेच्या वर होता, रिपोर्टात खाली उतरला. यावर म्हणतील की त्यासाठीच तर करड्या टोपणाची फ्लोराइडची नळी असते. असते, पण फ्लोराइड साखर मोडण्याच्या साखळीतला अगदी खालचा टप्पा, एनोलेज या विकराचा, अडवतं. वरचे टप्पे तास-दोन तास चालूच राहतात आणि साखर घसरत राहते. त्यानंतर ती स्थिरावते. म्हणून नळी करडी असली तरी बर्फात ठेवून लवकर फिरवायला हवी. हे किती कलेक्शन सेंटरांत होतं? आणि झालं की नाही हे रिपोर्टावरून कळतं का?

आता लॅबच्या बाकावरचं, प्रत्यक्ष तपासणीचं काम पाहू. तालुक्याच्या ठिकाणी अजूनही बरंचसं काम सेमी-ऑटो अ‍ॅनालायझरवर, म्हणजे नमुना हाताने मिसळून मशीनने वाचायच्या यंत्रावर, चालतं. साखरेसाठी जीओडी-पीओडी हा रिजंट (साखरेशी मिळून रंग देणारा द्रव) १००० मायक्रोलीटर, त्यात सिरम १० मायक्रोलीटर, ३७ अंशांवर दहा मिनिटं, मग ५०५ नॅनोमीटरला रंगाची गडदता वाचायची. यातला सगळ्यात नाजूक आकडा १० हा आहे. पिपेटचा, म्हणजे ठरावीक माप उचलणाऱ्या हातातल्या साधनाचा, पिस्टन झिजून ती १० ऐवजी ९ उचलू लागली की प्रत्येक रुग्णाची साखर दहा टक्क्यांनी कमी येते, रोज, सगळ्यांची, आणि मशीन बिनतक्रार छापत राहतं. टीप नीट न बसवणं, टीपच्या बाहेर चिकटलेला थेंब न पुसणं, आधीच्या कावीळवाल्याचा पिवळा सिरम फ्लो सेलमध्ये (मशीनच्या वाचायच्या कप्प्यात) राहून पुढच्यात मिसळणं, दिवा जुना होणं, ही सगळी त्याच घरातली भावंडं. आणि एक दुखणं असं की ज्याबद्दल संघटनांच्या सभांत कुणी बोलत नाही: कंट्रोलचा आकडा जुळला नाही की कारण शोधायच्या ऐवजी मशीनमधला फॅक्टर, म्हणजे रंगावरून आकडा काढायचा गुणक, बदलून आकडा जुळवायचा. घड्याळ मागे पडतं म्हणून रोज काटा पुढे सरकवण्यासारखं हे काम. आज दिसायला वेळ बरोबर येते, पण घड्याळ मागे का पडतं ते कधीच कळत नाही.

कंट्रोल म्हणजे काय हे रुग्णांना कुणी सांगत नाही, म्हणून इथे सांगतो. ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असं सिरम. बहुतेकदा गोठवून वाळवलेल्या पावडरीच्या बाटलीत येतं. त्यात बरोबर ५ मिली डिस्टिल्ड वॉटर घालायचं, बाटली हलके फिरवायची, फेस येईल अशी हलवायची नाही, अर्धा तास ठेवायची. ५ मिलीच्या जागी ‘अंदाजे पाच’ घातलं किंवा डिस्टिल्डच्या जागी फिल्टरचं पाणी वापरलं की कंट्रोलच खोटा ठरतो. दोन पातळ्या लागतात, एक निरोगी माणसासारखी आणि एक आजारी. वीस दिवस लावून आपल्या मशीनवरची सरासरी आणि विचलन, म्हणजे आकडा सरासरीभोवती किती हलतो ते, काढायचं, मग रोजचा आकडा आलेखावर ठिपक्याने मांडायचा. सरासरीपासून दोन विचलनांच्या बाहेर एक ठिपका गेला तर सावध व्हायचं. तीनच्या बाहेर गेला तर त्या तपासणीचे रिपोर्ट थांबवायचे. लागोपाठ दहा ठिपके सरासरीच्या एकाच बाजूला पडले तर प्रत्येक ठिपका हद्दीत असूनही काहीतरी सरकलंय, बहुतेकदा नवा रिजंट, मशीनची नवी जुळणी (कॅलिब्रेशन) किंवा तीच झिजलेली पिपेट. टेलिफोनचे सुटे भाग बनवणाऱ्या अमेरिकन कारखान्यासाठी शूहार्टने १९२४ मध्ये मांडलेला हा आलेख लेव्ही आणि जेनिंग्ज यांनी १९५० मध्ये लॅबमध्ये आणला. ठिपके वाचण्याचे नियम वेस्टगार्डने १९८१ मध्ये नीट बांधून दिले. म्हणजे पाऊण शतक झालं. यात नवं तंत्रज्ञान काही नाही, एक वही आणि एक शिस्त आहे. वहीच नसेल तर लाखांचं मशीन आणि एमडीची सही मिळून आकड्याला फक्त नीटनेटकं रूप देतात.

ही भीती उगाच नाही, तिला इतिहास आहे. बेल्क आणि संडरमन यांनी पेनसिल्व्हेनियातल्या ५९ रुग्णालयांच्या लॅबना एकसारखे नमुने पाठवले आणि १९४७ मध्ये निकाल छापला. एकाच बाटलीतल्या द्रवाला उत्तरं इतकी निरनिराळी आली की बाहेरून तपासणी हवी या कल्पनेचा पाया तिथेच पडला. त्या लॅबमध्ये डॉक्टर नव्हते असं थोडंच होतं? पुढे १९८७ मध्ये अमेरिकेत पॅप स्मिअरचं प्रकरण बाहेर आलं. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या काचपट्ट्या नगावर मजुरी देऊन वाचल्या जात, काही तंत्रज्ञ त्या घरी नेऊन वाचत, आणि कर्करोग सुटून जात. त्यातून लॅबच्या गुणवत्तेचा १९८८ चा क्लिया हा अमेरिकी कायदा आला. त्याने काय केलं ते बारकाईने बघण्यासारखं आहे. एका माणसाने दिवसात जास्तीत जास्त किती पट्ट्या वाचाव्यात याला १०० ची मर्यादा घातली. वर्षातून तीनदा, दर वेळी पाच अनोळखी नमुन्यांची परीक्षा लावली. लॅबच्या संचालकाला पाचपेक्षा जास्त लॅब सांभाळायला मनाई केली. सहीचा हक्क कुणाचा एवढ्यावरच तो कायदा थांबला नाही. सही करणाऱ्याला किती काम झेपेल हेही त्याने मोजलं.

आणि थेरानोस? बोटातून काढलेल्या थेंबभर रक्तात ढीगभर तपासण्या करतो म्हणणारी ही कंपनी २०१५ नंतर कोसळली. तिथेही कागदोपत्री लॅबचे संचालक डॉक्टर होतेच. एका टप्प्यावर ते त्वचारोगतज्ज्ञ होते आणि लॅबमध्ये फिरकले होते मोजक्या वेळा. कायद्याची सहीची अट पूर्ण होती. बातमीदारांनी वाचा फोडली हे खरं, पण लॅब बंद पाडणारा पुरावा सरकारी निरीक्षकांना कंट्रोलच्या नोंदींत मिळाला. तिथे नियमाबाहेर गेलेले ठिपके होते आणि तरी रिपोर्ट बाहेर पडत होते. २०१४ आणि २०१५ चे त्या यंत्रावरचे सगळे रिपोर्ट कंपनीला रद्द करावे लागले. समजा निरीक्षकांना फक्त ‘सही कुणाची’ एवढंच विचारायचा अधिकार असता तर?

तंत्रज्ञांचा सगळ्यात बळकट मुद्दा भूगोलाचा आहे. धडगाव, अहेरी, मोखाडा अशा दुर्गम तालुक्यांत पॅथॉलॉजिस्ट बसणार आहे का? नाही. मग लॅब बंद करून रुग्णाला साध्या हिमोग्लोबिनसाठी जिल्ह्याच्या गावी पाठवायचं? हा प्रश्न टाळून काढलेला कोणताही कायदा शहरात बसून लिहिलेला ठरेल. शिवाय तंत्रज्ञ हा कुणाचा हरकाम्या नाही. २०२१ च्या केंद्रीय अलाइड हेल्थ कायद्याने त्याच्या पेशाला स्वतंत्र स्थान दिलं आहे. पण या मुद्द्यातून ‘म्हणून आम्हाला सही करू द्या’ हा निष्कर्ष निघत नाही. निघतो तो असा की तंत्रज्ञ एकटा असला तरी चूक लपणार नाही अशी व्यवस्था हवी. क्षयरोगात ती उभी राहिलेली आहे. गोव्यात तयार होणारं ट्रूनॅट हे क्षयरोगाचे जंतू शोधणारं छोटं मशीन बॅटरीवर चालतं, एसी खोली मागत नाही, प्राथमिक आरोग्य केंद्रातला तंत्रज्ञ ते चालवतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये त्याची शिफारस केली. तिथे भरवसा कशावर? प्रत्येक तपासणीच्या पोटातच एक कंट्रोल आहे. तो चालला नाही तर मशीन ‘अवैध’ म्हणतं, आकडा देतच नाही. तंत्रज्ञाची पदवी त्याने वाढवली नाही, पण चुकीच्या कामाचा रिपोर्ट निघण्याची एक वाट बंद केली.

याच आजारातलं उलट उदाहरणही आहे. क्षयरोगाची रक्तातली अँटीबॉडी तपासणी भारतभर जोरात चालायची, मोठ्या लॅबमध्ये, एमडीच्या सहीने, महागड्या किटवर. खरा रोग सुटायचा आणि नसलेला सापडायचा. जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०११ मध्ये ती वापरू नका असं सांगितलं, आणि जून २०१२ मध्ये भारत सरकारने तिच्या आयातीवर, उत्पादनावर आणि विक्रीवर बंदी घातली. इतकी वर्षं त्या रिपोर्टांवर पात्र माणसांच्या सह्या होत्याच ना? टायफॉइडसाठीच्या विडाल या रक्ततपासणीची गत वेगळी नाही. १८९६ सालची ही युक्ती, एकदाच केलेल्या तपासणीतून टायफॉइडबद्दल फारसं काही सांगू शकत नाही. रक्ताचं कल्चर (रक्तातले जंतू वाढवून पाहणं) करायला हवं, तेही अँटिबायोटिक सुरू होण्याआधी. तरी ‘विडाल पॉझिटिव्ह’ म्हणून गोळ्या देणं गावोगाव चालूच आहे.

साखळी लॅबचा दावाही तपासायला हवा. त्यांची मध्यवर्ती लॅब उत्तम असते यात शंका नाही. नळीवरचा बारकोड वाचून मशीन आपणच नमुना उचलतं, पिपेट झिजण्याचा प्रश्न नाही, कंट्रोल दिवसातून अनेकदा लागतो. पण ‘हात लागत नाही’ हे त्या पट्ट्यावर नळी चढल्यानंतरचं सत्य आहे. त्याआधी घरी येऊन रक्त काढणारा मुलगा आहे, ज्याला नऊपर्यंत दहा घरं करायची आहेत. मे महिन्यात नागपूरच्या उन्हात उभी असलेली त्याची दुचाकी आहे, डिकीत वितळलेला आइस पॅक आहे, मग कलेक्शन सेंटर, मग संध्याकाळची गाडी. मान्यता मध्यवर्ती लॅबची दाखवली जाते, आणि रुग्णाला वाटतं ती आपल्या गल्लीतल्या सेंटरचीही आहे. त्यातच ‘७० तपासण्या’ची पॅकेजं. संदर्भमर्यादा, म्हणजे रिपोर्टवर ‘सामान्य’ म्हणून छापलेली पट्टी, अशी आखलेली असते की निरोगी माणसांतल्या ५ टक्क्यांचा आकडा तिच्या बाहेर पडतो. वीस तपासण्या एकमेकींपासून स्वतंत्र धरल्या तर निरोगी माणसाचा निदान एक आकडा ठळक अक्षरात येण्याची शक्यता ६४ टक्के, सत्तर धरल्या तर ९७. प्रत्यक्षात तपासण्या एकमेकींत गुंतलेल्या असतात म्हणून आकडा थोडा उतरेल, पण कल कळतो. त्या ठळक अक्षरापायी पुढची तपासणी, मग त्यापुढची.

हे सगळं सुधारणं अशक्य आहे का? नाही, आणि त्याचा पुरावा याच लॅबच्या आत आहे. औषधांच्या चाचण्यांचे, म्हणजे क्लिनिकल ट्रायलचे नमुने कसे हाताळतात ते बघा. नळ्या आधीच लेबल लावून पेटीतून येतात. रक्त काढल्याची वेळ मिनिटासकट लिहितात. किती वेळात फिरवायचं, किती वेगाने, किती तापमानात, हे कागदावर ठरलेलं असतं. सिरम उणे ७० अंशांवर गोठवतात, कोरड्या बर्फात पाठवतात, पेटीत तापमान नोंदवणारं यंत्र बसवलेलं असतं. वाटेत बर्फ संपला असं त्या यंत्राने दाखवलं तर नमुना बाद. कुणी हुज्जत घालत नाही, पुन्हा रक्त घेतात. आयसीएमआर या केंद्र सरकारच्या वैद्यकीय संशोधन संस्थेने चांगल्या लॅबकामाची मार्गदर्शक तत्त्वं २००८ मध्ये काढली आणि २०२१ मध्ये सुधारली. त्यात यातलं बरंच रुग्णसेवेसाठीही लिहिलेलं आहे. मग एकाच इमारतीत, एकाच बाकावर, कंपनीच्या नमुन्याला तापमानाची नोंद आणि रुग्णाच्या नमुन्याला डिकी, असं का? कारण कंपनी नोंद मागते. नोंद नसेल तर तिचा आकडा औषध नियंत्रकापुढे टिकत नाही. रुग्ण मागत नाही, कारण मागायचं असतं हेच त्याला माहीत नाही, आणि सरकारने त्याच्या वतीने अजून मागितलेलं नाही.

शेवटचा आक्षेप पैशाचा, आणि तो सगळ्यात खरा आहे. दिवसाला पंधरा रुग्ण असलेल्या लॅबने दहा तपासण्यांना दोन पातळ्यांचे कंट्रोल रोज लावले तर वीस तपासण्यांचा रिजंट नुसता पडताळणीत जातो. मालक म्हणेल, मी बुडेन. पण त्याने दहाही तपासण्या रोज का लावायच्या? दिवसाला एक थायरॉइड येत असेल तर ते सिरम वेगळं करून, गोठवून, दोन-तीन दिवसांचं एकत्र लावावं, कंट्रोल एकदाच लागेल. आठवड्याला एक येणारी तपासणी मोठ्या लॅबकडे पाठवावी. यादी छोटी आणि खरी ठेवावी. बाजारचा कंट्रोल परवडत नसेल तर उरलेलं स्वच्छ सिरम एचआयव्ही आणि कावीळ बी-सीसाठी तपासून एकत्र करायचं, गाळायचं, छोट्या नळ्यांत उणे २० वर ठेवायचं आणि रोज एक काढायची. ही जुन्या लॅबवाल्यांची पद्धत आहे. त्याने आकडा खरा आहे हे सिद्ध होत नाही, पण कालच्यापेक्षा आज सरकला का हे नक्की कळतं. खरा की नाही हे बाहेरून कळतं: वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजची जीवरसायनाची आणि दिल्लीच्या एम्सची रक्तशास्त्राची बाह्य गुणवत्ता योजना त्यासाठीच आहे. तिथेही लबाडी होते. आलेला नमुना तीनदा लावून सरासरी कळवतात, शेजारच्या लॅबला फोन करून आकडा जुळवतात. म्हणून निरीक्षकाने अधूनमधून रुग्णाचंच रक्त दोन नळ्यांत वाटून दोन नावांनी पाठवावं. खर्च काही नाही, पळवाटही नाही.

सही राहू द्या पॅथॉलॉजिस्टचीच. पण एका सहीला लॅब किती याची मर्यादा असावी आणि महिन्याच्या कंट्रोलच्या आलेखांवरही तीच सही असावी, म्हणजे सही भाड्याने देणाऱ्याला कशावर नाव घालतोय ते निदान बघावं लागेल. तंत्रज्ञाचं नाव आणि नोंदणी क्रमांक रिपोर्टवर छापावा, काम त्याचं आहे. कलेक्शन सेंटरची स्वतंत्र नोंदणी व्हावी. आणि आकड्यांच्या वर, जिथे आज लॅबचं रंगीत चिन्ह आणि आरोग्याची सुभाषितं असतात, तिथे चार साध्या ओळी सक्तीच्या कराव्यात: रक्त काढलं सकाळी ७.१५, फिरवलं ७.५०, लॅबमध्ये पोचलं ११.२०, आजचा कंट्रोल हद्दीत.